फुकट मिळालेला रुपया

मधुकरकडे विल्यम तेवढा नव्हता.

राणी होती. केस मागे बांधलेली कोवळी राणी, मुकुट चढवलेली भरल्या अंगाची राणी, आणि पुढे स्वतःला महाराणी म्हणवून घ्यायला लागली तीही. एडवर्ड होता, डोक्यावर मुकुट नाही म्हणून बाजारात लोक त्याला बोडका म्हणत. पाचवा जॉर्ज होता, आणि त्यातही १९११ सालचा तो रुपया होता, ज्याच्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती हुबेहूब डुकरासारखा दिसतो. इंग्रज जाऊन सहा वर्षं होत आली होती, पण ठाण्याला, नौपाड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, सिगारच्या एका लाकडी पेटीत, ते राजघराणं निळ्या मखमलीवर सुखाने नांदत होतं. जागा रिकामी होती ती एकच, कंपनी सरकारच्या वेळच्या चौथ्या विल्यमच्या रुपयाची. मधुकर कल्याणच्या नगरपालिकेत नकाशे काढायचा. प्रत्येक नाण्याचं तो वहीत दोन्ही बाजूंनी चित्र काढी, आणि विल्यमसाठी त्याने दोन कोरी वर्तुळं आखून ठेवली होती.

शालूला या छंदाचा राग नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिने नवऱ्याला खूश करायचं म्हणून चार रुपये चिंच लावून लख्ख घासले होते, तेव्हा तो जेवला नव्हता. ओरडलाही नाही. पाटावर बसून एवढंच म्हणाला, "अगं, तो काळेपणा म्हणजे त्यांचं वय होतं. आता ते कालचे झाले." त्यानंतर त्याने तिला शिकवलं. नाणं कडेने धरायचं, राजाच्या तोंडावर बोट टेकवायचं नाही. झीज आधी कानावर दिसते, मग भुवईवर, मग केसांत. केस मोजता आले तर नाणं पहिल्या प्रतीचं. कान सपाट झाला असेल तर ते सोनाराने वितळवायच्या लायकीचं. शिकता शिकता शालूची नजर त्याच्याहून तयार झाली. "डाळीतला खडा आणि रुपयातली खोट, आमच्या घरात एकाच नजरेला दिसते," असं तो मित्रांना सांगे, आणि शालू पदर तोंडाला लावून आत जाई.

त्या घरात दोन मुलं येऊन गेली होती. पहिला आठव्या दिवशी गेला, कपड्यात गुंडाळलेलाच. दुसरी मुलगी दहा महिन्यांची झाली, रांगायला लागली, आणि श्रावणातल्या एका आठवड्यात तापाने संपली. तिसरा श्रीपाद आता नऊ महिन्यांचा होता. हातपाय काटक्यांसारखे, डोळे मात्र मोठे. रोज दिवेलागणीला त्याचं कपाळ तापे. तेल लावताना शालू त्याच्या बरगड्या मोजायची नाही. बोटं आपोआप मोजायला लागत, ती त्यांना मोजू द्यायची नाही. तिला काही नको होतं. हे एक मूल जगावं, एवढंच.

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी मधुकर पोराला खांद्यावर घेऊन कोपरीच्या मिठागरांकडे फिरायला गेला. खाडीचा वारा लागला की पोर शांत होई. मिठागरातल्या म्हाताऱ्यांच्या गाडग्यांत जुनी नाणी असतात, हेही त्याच्या मनात होतंच. परत आला तो धावतच आला.

"शालू! विल्यम मिळाला!"

पोराला तिच्या हातात जवळजवळ टाकून त्याने मूठ उघडली. काळाभोर रुपया. एका बाजूला पानांची वेल आणि १८३५ साल. दुसऱ्या बाजूला गुबगुबीत गालांचा राजा, बिनमुकुटाचा.

"कान बघ! मानेच्या कापावरची बारीक अक्षरं बघ! कुणाकडे असेल? ओळख."

"कुणाकडे?"

"आपली मीठवाली. सखुबाई. झोपडीबाहेर बसली होती. मी सहज विचारलं, आजी, जुना रुपया-बिपया आहे का गं? तर उठली आणि आतून हा घेऊन आली. आणि ऐक, पैसे घेतले नाहीत! मी पाच म्हटलं, दहा म्हटलं. मान हलवून म्हणते, नको, भरून पावलं माजं."

"असं कसं? गरीब बाई ती."

"तेच तर. वेडी आहे थोडी, दुसरं काय."

शालूने पोराला छातीशी धरलं. त्याच्या जावळाला धुराचा आणि खाऱ्या पाण्याचा वास येत होता, जसा काही तो तिथेच कुठेतरी झोपून आला होता.

त्या संध्याकाळी ताप आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पोर दोन्ही बाजूंना प्यायलं आणि आणखी मागायला लागलं. पंधरा दिवसांत मनगटाला वळी पडली. शेजारणी म्हणाल्या, "शालू, दृष्ट काढ हो." शालूने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, देवापुढे साखर ठेवली, आणि मोरीत जाऊन एकटीच रडून घेतलं. रडं आनंदाचंच होतं. त्याच्या तळाशी जे होतं त्याला त्या दिवशी तिने नाव दिलं नाही.

पोर तिच्याकडे बघत नव्हतं.

अंगावर पिताना बाळं आईच्या तोंडाकडे टक लावून बघतात. हाही बघायचा; तापात असतानासुद्धा ते मोठे डोळे तिच्या चेहऱ्यावरून हलत नसत. आता पिताना तो दाराकडे बघे. पोट भरलं की, पाणी पिऊन झाल्यावर माणूस भांडं ठेवतो तसं तिला सोडून देई. ती म्हणायची, "श्रीपाद! अरे श्रीपाद, इकडे बघ की रे!" तो मान वळवायचा नाही. तिने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या कानामागे किल्ल्यांचा जुडगा वाजवला. तो झटकन वळला आणि हसला. "कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "मूल मस्त आहे. आईच कशाला रोडावली?"

मांडीवर कसाही घेतला तरी तो फिरून फिरून एकाच दिशेला तोंड करी. ती दिशा खाडीची, हे शालूला कळायला आठ दिवस लागले.

बुधवारी भर दुपारी सखुबाई मीठ घेऊन आली. वाळून खारीक झालेली, हाता-पायांना मिठाने पडलेल्या पांढऱ्या भेगा, डोक्यावर पाटी. वय विचारलं तर हसायची. पूर्वी करवंटीने मापून मीठ द्यायची आणि आण्यासाठी भांडायची. त्या दिवशी तिने सुपात चार करवंट्या ओतल्या आणि पाटी उचलायला लागली.

"आजी, पैसे?"

"माजे पोराचे घरान मीठ इकू कं?" सखुबाई म्हणाली. "खातंय ना नीट? सांभाल बाय. लय गुनाचा हाय."

शालूला वाटलं, म्हातारी माणसं बोलतात असं लाडाने. मग तिने मागे वळून पाहिलं. पोर सतरंजीवर पालथं पडून मान वर करून म्हातारीकडे बघत होतं, आणि त्याच्या तोंडावर ते हसू होतं, जे शालूने महिनाभर बघितलं नव्हतं. हात पुढे केलेले. सगळं अंग तिच्याकडे ओढ घेत होतं.

सखुबाईने त्याला घेतलं नाही. आत पाऊलही टाकलं नाही. "रऽ, आता नाय," एवढं म्हणाली आणि निघून गेली. पोर तिच्यामागे दिवेलागणीपर्यंत दाराकडे बघत बसलं. रडलं नाही. नुसतं बघत बसलं.

त्या रविवारी गिल्बर्ट आला. ठाण्याच्या बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि मधुकरसारखंच त्यालाही नाण्यांचं वेड होतं. दोघांची ओळख शाळेपासूनची. आला तो ओरडतच आला.

"काय रे मधु, विल्यम लागला म्हणे! वहिनी, लग्न ठरलं तेव्हासुद्धा हा एवढा नाचला नव्हता. मी होतो ना!"

"तेव्हा त्यांच्याकडे भिंग नव्हतं," शालू पोह्यांच्या बशा ठेवत म्हणाली.

गिल्बर्ट खो-खो हसला. "मारलं! मधु, तुला मारलं वहिनींनी!" मग त्याने खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्यात बसवलं आणि रुपया चिमटीत धरला. खिडकीच्या उजेडात तो हळूहळू फिरवत राहिला.

"कान अख्खा आहे," तो कुजबुजला. "केस मोजून घे. शंभर वर्षांच्या वर झाली आणि हा चलनात फिरलेलाच नाही रे. कुणीतरी जपलाय. मधु, अर्धी गिनी देतो. सोन्याची. बोल!"

"अर्ध्या गिनीला? विल्यम?"

"बरं, वर दोन राण्या."

"दुकान दिलंस तरी नाही."

"कंजूष लेकाचा." गिल्बर्टने नाणं उभं धरून कड बघितली. मग भिंग जवळ नेलं. "कड बघितली होतीस?"

"थोड्या खाचा आहेत. कुणीतरी चांदी पारखली असेल."

"पारखायला एक खाच पुरते. वहिनी, तुमची नजर चांगली. मोजा बघू."

शालूने पोराला कडेवर सावरलं आणि वाकून पाहिलं. कडेच्या बारीक दात्यांमध्ये सुरीने पाडलेल्या खाचा होत्या, सारख्या अंतरावर, एकीमागून एक. "नऊ."

"रंग?"

"आठ काळ्या." ती थांबली. "नववी पांढरी आहे."

"म्हणजे ताजी. महिन्या-दीड महिन्यातली." गिल्बर्टने डोळ्यातलं भिंग काढलं. त्याच्या अंगठ्याला हळदीसारखं पिवळं लागलं होतं. त्याने ते हुंगलं, रुमालाला पुसलं, आणि रुपया टेबलावर ठेवून खुर्ची मागे सरकवली. "मधु, किती दिलेस याचे?"

"सांगतो काय मग! एक पैसा नाही. ती घेईचना."

"काहीतरी दिलंच असशील."

"अरे काही नाही."

"आठव. तिने नाणं तुझ्या हातात दिलं तेव्हा तुझ्या हातातून तिच्या हातात काय गेलं?"

"काही नाही म्हणतो ना! भिंग एका हातात, नाणं एका हातात, दोन्ही हात अडकलेले." मधुकर हसत सांगत होता. "पोर होतं खांद्यावर, ते तेवढं तिच्याकडे धरायला दिलं. तीच म्हणाली, पोराला माजेकरं दे आन् तू बग निवांत..."

बाहेर कुणाचा तरी स्टोव्ह भरभरत होता.

"माझा बाप असाच विकलेला होता," शेवटी गिल्बर्ट म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. "आमच्यात चर्चमध्ये जातात सगळे, पाद्री ओरडायचा यावरून, पण चालायचंच. ज्या घरात पोरं जगत नाहीत ना, तिथलं पुढचं पोर विकायचं. जिची सगळी लेकरं जगली अशी बाई बघायची. तिच्या हातात पोर द्यायचं, तिच्याकडून एक नाणं घ्यायचं. झाला सौदा. पोर राहतं आईकडेच, पण असतं तिचं. म्हणजे जे काही पोराला न्यायला येतं, ते फसतं. एकच बाई गावातली आठ-आठ पोरं घ्यायची. नाणं तेच. प्रत्येक पोराला एक खाच."

"थोतांड आहे सगळं," मधुकर म्हणाला. पण त्याने रुपयाला हात लावला नाही.

"असेल."

"आणि ते परत घेता येतं?" शालूने विचारलं. तिला आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"येतं ना, वहिनी. पोर पाच वर्षांचं झालं की, नाहीतर लग्नाआधी, तेच नाणं परत नेऊन द्यायचं. तेच हवं, दुसरं चालत नाही. आणि घेणारी बाई जिवंत हवी. तिच्या हातातच द्यायचं."

"तुमच्या वडिलांना सोडवलं होतं?"

गिल्बर्टने पोह्यांची बशी उगाच इकडची तिकडे केली. "आजीने आज करू, उद्या करू केलं. ती बाई गेली. बाप चांगला सत्तर वर्षं जगला हो. धडधाकट. आजीचं सगळं केलं त्याने, तिला काही कमी पडू दिलं नाही. पण आजीची मयत झाली त्या दिवशी शवपेटीजवळ उभा होता, आणि मला हळूच विचारलं त्याने. मी बारा वर्षांचा होतो. म्हणाला, गिल्बर्ट, ही कोण होती रे?"

तो लगेच उठला. जाताना अर्ध्या गिनीचं नाव काढलं नाही.

त्या दिवशी मधुकर फार बोलला. शिकलेला माणूस आहे, गिल्बर्टला गोष्टी सांगायची खोड आहे, पोराची तब्येत सुधारली ती वाऱ्याने आणि वयाने, मुलं काही महिने आईकडे बघत नाहीत, पुस्तकात आहे. शालू ऐकत होती. मग तो वही घेऊन बसला, आणि ती दोन कोरी वर्तुळं तशीच कोरी ठेवून त्याने वही मिटली. सोमवारी सकाळी कल्याणला निघताना चपला घालता घालता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "रुपया देवापाशी ठेवलाय. तुला... लागला तर."

तिला जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण तो निघून गेला होता.

बाराच्या सुमाराला रुपया पदराच्या गाठीत बांधून, पोराला कडेवर घेऊन शालू निघाली. मिठागरं पांढरी झाली होती. वाफ्यांतलं पाणी आटून मीठ धरलं होतं, बांधांवर मिठाचे ढीग उभे होते, आणि उन्हात ते सगळं असं लखलखत होतं की डोळे मिटले तरी पांढरंच दिसावं. माणूस नाही, सावली नाही. शालू त्या बाजूला कधी गेली नव्हती. कुठल्या बांधावरून वळायचं ते तिला विचारावं लागलं नाही. पोर ज्या बाजूला झुके त्या बाजूला ती वळत गेली.

सखुबाई झोपडीच्या सावलीत बसली होती, पाय पसरून.

"आलीस? ये बाय. पानी पी आधी."

शालूने पाणी घेतलं नाही. गाठ सोडली आणि रुपया तळहातावर पुढे धरला. "आजी, हा घ्या. माझं मूल मला परत द्या."

म्हातारीने रुपयाकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. तिला राग आलेला दिसत नव्हता. "घेतो. मना तुला आडवाचा हक्क नाय. माजी पोटची अकरा हायत, सगली जगली. तुज्यावाचून माजं अडलं नाय. पन आदी आईक. मंग दे."

"सांगा."

"शिमग्याला मी मीठ घेवून आयलू तुजेकरं. तू हे पोराला थापटत व्हतीस, तापान फणफणलेला. तुजे उंबऱ्यावर दोघां बसलेली. येक रांगती पोर, हाता-पायावर. आन् येक लहान, कापडान गुंडालला, नुसता त्वांड बाहेर."

शालूने रुपयावर मूठ मिटली.

"ती वायट नाय गो," सखुबाई घाईने म्हणाली. "वायट नाय. पोरांच ती. दोघां येकटी हायत. भावाला खेलाला बोलवत व्हती. आन् हा जात व्हता. रोज सांजचे थोडा थोडा जात व्हता. मी काय करू? तुला सांगितला असता तर तू म्हातारीला हाकलली असतीस. मंग तुजा घो आला, आपल्या हातान पोर देलान. मी सुरीन खाच मारून ठेवलीच व्हती."

शालूने विचारलं, "आणि आता?"

"आता त्यांना वाटतं, हा दुसऱ्याचा. त्यांचा भाव नाय. मंग नाय बोलवत."

"म्हणजे गेली ती?"

"जातील कुठं? त्यांचं घर हाय ते." म्हातारीने पदराने डोळे पुसले, घामच असेल. "बसतान तिथंच. तू भाकऱ्या टाकतंस ना, तवा तुजेकरं बगत बसतान. लय बगतान तुला."

ऊन तसंच होतं. शालू खाली बसली. म्हणजे एवढे दिवस. चुलीपुढे बसलेली असताना पाठीला लागायची ती नजर. ती वळून बघायची, दार उघडं असायचं, आणि कुणी नसायचं. तिने त्या दोघांची झबली सोड्याने धुऊन बोहारणीला दिली होती, घरात राहू नयेत म्हणून. तिला आत्ता, ह्या क्षणी, धावत घरी जावंसं वाटलं. म्हातारीच्या हातात रुपया टाकावा, तिघंही आपली म्हणावीत, मग जे होईल ते होवो.

पोर तिच्या मांडीवरून उतरून म्हातारीकडे सरपटत गेलं आणि तिच्या पसरलेल्या पायांवर चढून बसलं. केवढं भरलं होतं अंगाने! मानेला वळ्या, ढोपरांना खळ्या. म्हातारीने त्याला हात लावला नाही, हात जमिनीवर टेकून बसून राहिली, शालूची वाट बघत.

"आजी, तुम्ही किती दिवस आहात?"

"यंदाचं मीठ उचलीस्तोवर. फार तर पुढचं."

"मग तो मला कधीच..."

"नाय." सखुबाईने मान हलवली. "पन तुला सांभालील. लय माया करील. येवडंच, की कोन म्हनून करतो ते त्याला उमगाचा नाय."

शालूने रुपया बोटांच्या चिमटीत धरला. कडेने, मधुकरने शिकवला तसा. राजाच्या कानाकडे बघत राहिली. मग तिने तो पदराच्या टोकाला ठेवला आणि गाठ मारली. एक मारली, त्यावर दुसरी मारली. दुसरी गाठ दातांनी ओढली.

"नाव काय ठेवलंत?" तिने विचारलं. "तुमचा आहे तर नाव तुमचं चालणार."

"धाकू," सखुबाई म्हणाली.

घरी पोहोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. आळीतली दारं लोटलेली, सगळे वामकुक्षीला. शालूने कुलूप काढलं, दार ढकललं, आणि उंबऱ्यापाशी थांबली. तिथे काही नव्हतं. घासून गुळगुळीत झालेलं लाकूड, त्यावर मध्यभागी पाच बोटांनी ओढलेलं हळदी-कुंकू. तिने साडी उचलून धरली आणि कुणाला पाय लागू नये अशी, एका अंगाने, जपून आत पाऊल टाकलं.

मग ती वळली, त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभी राहिली, आणि पुष्कळ दिवसांपूर्वी लहान मुलांशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "हे बघा. हा सखुबाईचा धाकू. आपला नव्हे हं. आपल्याकडे ठेवलाय नुसता, सांभाळायला."

ते नाव कानावर पडताच कडेवरच्या पोराने मान वळवली आणि सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. शेजारच्या मावशीकडे बघावं तसं. ओळखीचं, गोड हसून.

शालूने त्याला सतरंजीवर बसवलं. त्याच्यापुढे पळी-भांडं ठेवलं. तो खेळायला लागल्यावर ती परत दाराशी आली आणि उंबऱ्यावर बसली, दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा सोडून.